आफ्रिकव्हिल आणि न झालेला रस्ता

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्स नावाचे जुने बंदर आहे. टोरांटो-माँट्रियलच्या पंक्तीत बसणारे हे शहर नव्हे. 2021 च्या शिरगणतीत आसपासच्या गावांसह त्याची वस्ती सुमारे 4 लाख 40 हजार भरली. म्हणजे आपल्या बेळगावच्या आगेमागे. 1749 साली एडवर्ड कॉर्नवॉलिस या इंग्रज अधिकाऱ्याने ते वसवले. टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके ज्याच्या जोडीने श्रीरंगपट्टणावर चालून गेले, त्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचा हा सख्खा काका. काकांनी तिथल्या मूळच्या मिकमॉ लोकांच्या डोक्यांवर इनाम लावले होते. त्या कारणाने 2018 च्या जानेवारीत हॅलिफॅक्सच्या नगरसेवकांनी ठराव करून त्यांचा पुतळा उद्यानातून हलवला.

हे शहर मी पाहिले ते लेकीकडे राहायला गेलो तेव्हा. माझी तीस वर्षे एका नगरपालिकेच्या बांधकाम आणि नगररचना शाखेत गेली असल्यामुळे परगावी गेलो की देवळाआधी माझे पाय पालिकेच्या इमारतीकडे वळतात. हॅलिफॅक्समध्ये मला सवड भरपूर होती आणि बाहेर बर्फही भरपूर होते. त्या दिवसांत शहराच्या नगरविकासाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले की 1957 ते 1975 या अठरा वर्षांत या एका पालिकेने दोन गोष्टी केल्या. एक वस्ती मुळासकट उठवली, आणि एक रस्ता अर्ध्यावर सोडला. वस्ती उठवताना फारसा आवाज झाला नाही. रस्त्याच्या वेळी मात्र गाव उभे राहिले. हा फरक का पडला, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी वस्ती. हॅलिफॅक्स एका द्वीपकल्पावर आहे. त्याच्या उत्तर टोकाला, बेडफर्ड बेसिन नावाच्या विस्तीर्ण खाडीच्या काठी, आफ्रिकव्हिल हे कृष्णवर्णीयांचे खेडे होते. 1812 च्या इंग्रज-अमेरिकन युद्धाच्या सुमारास गुलामीतून निसटलेले सुमारे दोन हजार लोक नोव्हा स्कोशियात आले होते. इंग्रजांनी त्यांना स्वातंत्र्य दिले आणि शेती होणार नाही अशी खडकाळ जमीन दिली. त्यांच्यातलीच काही कुटुंबे पुढे शहराच्या जवळ, मजुरी मिळेल अशा ठिकाणी सरकली. आफ्रिकव्हिलमधल्या जमिनीची पहिली नोंदलेली खरेदी 1848 सालची आहे. दुसऱ्या वर्षी तिथे बाप्टिस्ट पंथाचे चर्च उभे राहिले. हे चर्च म्हणजे गावची चावडी, शाळा आणि देऊळ एकाच ठिकाणी. 1883 मध्ये शाळा मिळाली. कॅनडाभर नाव झालेली गायिका पोर्शिया व्हाइट हिने काही काळ तिथे शिकवले होते.

म्हणजे हे अतिक्रमण नव्हते. घरे मोडकळीची असतील, पण वस्ती शंभर वर्षांहून जुनी होती आणि लोक शहराला कर भरत होते. त्या कराच्या बदल्यात शहराने काय दिले याची यादी वाचताना मला माझ्याच शाखेतल्या फायली आठवत होत्या. 1850 च्या दशकात रेल्वेचा रूळ वस्तीच्या मधून गेला. 1853 मध्ये जवळच तुरुंग आला. मग शहरातला मैला टाकण्याचे खड्डे, सांसर्गिक रोगांचे रुग्णालय, कत्तलखाना. शहराला स्वतःच्या दारात जे नको होते ते ते उत्तर टोकाला गेले. नळ मात्र गेला नाही, गटार गेले नाही, पक्का रस्ताही नाही. विहिरीशेजारी पाणी उकळून प्यावे अशी सूचना देणारी पाटी होती, तिचे छायाचित्र आता प्रसिद्ध आहे. एका नळाऐवजी एक पाटी लावण्यातली काटकसर कोणत्याही देशातल्या पालिकेला शोभून दिसेल अशी आहे.

1917 च्या 6 डिसेंबरला हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्याचे जहाज फुटले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. त्यानंतर शहराच्या उत्तर भागात हायड्रोस्टोन नावाची सुंदर वसाहत बांधून बेघरांना दिली गेली. तिची आखणी टॉमस ॲडम्स या नामवंत नगररचनाकाराची. आफ्रिकव्हिललाही स्फोटाचा फटका बसला होता, पण त्या पुनर्बांधणीत त्याला जागा मिळाली नाही. 1947 मध्ये शहराच्या झोनिंगमध्ये आफ्रिकव्हिलची जमीन औद्योगिक म्हणून दाखवली गेली, आणि 1950 च्या दशकात शहराचा उघडा कचरा डेपो वस्तीच्या शेजारी आणला गेला. ज्यांनी आराखड्यावर रंग भरले आहेत त्यांना सांगायला नको, की नकाशावर एकदा जांभळा रंग पडला की त्याखालची घरे दिसेनाशी होतात. माणसे तिथेच असतात, पण कागदावर ती चुकीच्या जागी आलेली असतात.

आता पालिकेच्या बाजूने पाहू. दुसऱ्या महायुद्धात हॅलिफॅक्स माणसांनी ओसंडून वाहत होते, आणि युद्ध संपल्यावर किल्ल्याच्या टेकडीच्या उतारावरच्या गल्ल्यांत एकेका घरात तीन-तीन कुटुंबे अशी अवस्था होती. ओटावातल्या केंद्र सरकारने 1956 मध्ये गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती केली. जुन्या वस्त्या घेऊन पाडण्याचा निम्मा खर्च केंद्राकडून मिळण्याची सोय होतीच. आता मोकळ्या झालेल्या जागेवर घरेच बांधली पाहिजेत अशीही अट राहिली नाही. म्हणजे गरिबांच्या गल्ल्या केंद्राच्या पैशाने मोकळ्या कराव्यात आणि तिथे बाजारपेठ उभारावी, हा मार्ग कायद्याने खुला झाला. निम्मे अनुदान आले की योजनेची गरज आपोआप सिद्ध होते, हा अनुभव आपल्याकडच्यांनाही आहे.

पालिकेने पाहणीसाठी गॉर्डन स्टीफनसन यांना बोलावले. हे इंग्रज, तेव्हा टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक होते. तरुणपणी त्यांनी पॅरिसला ल कोर्बुझिए यांच्या कचेरीत काम केले होते. ज्यांनी पुढे आपले चंदीगड आखले तेच ल कोर्बुझिए. 1957 मध्ये स्टीफनसन यांचा अहवाल आला. तो वाचला तर हा मनुष्य दुष्ट वाटत नाही. आफ्रिकव्हिलमधल्या सत्तर-एक कुटुंबांना समाजाने वाईट वागवले, हे तो मान्य करतो. पण त्याच ओघात ही जमीन शहराच्या पुढच्या विकासाला लागेल, असेही नोंदवतो. पहिले वाक्य सहानुभूतीचे आणि दुसरे भूसंपादनाचे. फाईल पुढे सरकते ती दुसऱ्या वाक्यावर.

अहवालाच्या आधारे शहराच्या मध्यातली जेकब स्ट्रीटच्या आसपासची वस्ती 1958 पासून पाडली गेली. ती जागा बराच काळ ओसाड राहिली आणि शेवटी तिच्यावर स्थानिक भांडवलदारांच्या कंपनीने स्कोशिया स्क्वेअर हे दुकाने-कचेऱ्यांचे अजस्र संकुल बांधले. ते 1969 मध्ये उघडले. उठवलेल्या माणसांसाठी उत्तर भागात पालिकेच्या चाळी बांधल्या गेल्या.

आफ्रिकव्हिलचा क्रम 1962 नंतर लागला. आपल्यावर वर्णद्वेषाचा ठपका येऊ नये याची पालिकेला काळजी होती. अमेरिकेत तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ भरात होती, आणि वेगळी राहणारी काळी वस्ती हेच एक लांच्छन आहे असे उदारमतवादी गोऱ्यांनाही वाटत होते. हॅलिफॅक्समध्ये मानवी हक्कांसाठी एक सल्लागार समिती स्थापन झाली. तीत गोरे होते, शहरातले सुशिक्षित काळेही होते. समितीच्या शिफारशीवरून टोरांटोचे आणखी एक प्राध्यापक, आल्बर्ट रोझ, यांना बोलावण्यात आले. टोरांटोतल्या रीजंट पार्क या झोपडपट्टी निर्मूलन योजनेवर त्यांनी पुस्तक लिहिले होते. ते आले, आफ्रिकव्हिलमध्ये जेमतेम काही तास फिरले, आणि 1963 च्या डिसेंबरात त्यांनी स्थलांतराच्या बाजूने अहवाल दिला. 1964 च्या जानेवारीत नगरसेवकांनी त्याला मंजुरी दिली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचली ती ही गोष्ट. इथे खलनायक शोधायला गेलो तर हाती कोणी लागत नाही. सल्लागार भले होते, समिती भली होती, पालिकेने प्रांताचा एक समाजसेवक नेमून दिला होता. वस्तीतल्या लोकांची मागणी काय होती? नळ, गटार, रस्ता, आणि आहे तिथेच राहू द्या. ही मागणी ऐकली सगळ्यांनी. पण वस्तीच्या बाजूने हात वर करील असे सभागृहात कोणी नव्हते. हॅलिफॅक्सचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक ग्रॅहम डाउनी हे सभागृहात बसले ते 1974 साली. तोवर आफ्रिकव्हिल संपून चार वर्षे झाली होती.

स्थलांतर 1964 ते 1970 चालले. ज्यांच्याकडे जमिनीचे रीतसर कागद होते त्यांच्याशी घासाघीस करून भाव ठरला. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना बहुधा 500 डॉलर देण्यात आले, तेही हक्क म्हणून नव्हे, सानुग्रह म्हणून. शंभर वर्षे बापाकडून मुलाकडे तोंडी आलेल्या जमिनीचा कागद कुठून असणार? पालिकेने सामान हलवायला काही कुटुंबांना कचऱ्याच्या गाड्या पाठवल्या. हे तिथल्या लोकांनी इतक्या वेळा सांगितले आहे की 500 डॉलरपेक्षाही ती गाडी त्यांना जास्त लागली असावी. चर्च पाडले गेले ते 1967 च्या 20 नोव्हेंबरला, रात्री. देऊळ रात्री का पाडतात याचा खुलासा करायला नको. शेवटचा रहिवासी 1970 च्या जानेवारीत गेला. हा म्हातारा गृहस्थ दाद देत नव्हता, तेव्हा त्याला पालिकेच्या कचेरीत बोलावून नोटांनी भरलेली सुटकेस पुढे ठेवण्यात आली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तो अपमान सोसून उठून गेला. पुढे रीतसर बोलणे झाले तेव्हाच त्याने घर सोडले.

इथे माझे स्वतःचे एक सांगितले पाहिजे. आमच्या गावात जुन्या बाजारामागे ओढ्याच्या कडेला वीस-बावीस घरांची रांग होती. रस्तारुंदीत ती गेली. त्या फायलीवर ‘कब्जेदाराजवळ मालकीचा पुरावा नाही’ हा शेरा माझ्या अक्षरात आहे. शेरा खरा होता. पुरावा नव्हताच. त्या रांगेतली एक बाई मला म्हणाली होती, ‘साहेब, माझ्या सासऱ्याच्या लग्नाची मांडवाची मेढ याच दारात पुरली होती, ती काय कागदावर लिहून ठेवायची?’ मी तिला अर्ज करायला सांगितले. तिने अर्ज केला की नाही ते मला माहीत नाही, कारण मी नंतर ती फाईल उघडलीच नाही.

असो. आता रस्त्याकडे वळू.

ज्या वर्षांत आफ्रिकव्हिलची घरे पडत होती, त्याच वर्षांत पालिकेच्या टेबलावर हार्बर ड्राइव्ह या द्रुतगती मार्गाचा आराखडा होता. बंदराच्या काठाने, जुन्या बाजारपेठेच्या अंगावरून, शहराच्या दक्षिण टोकाकडे मोटारी भरधाव जाव्यात अशी कल्पना. त्या काळी उत्तर अमेरिकेतल्या प्रत्येक शहराला असा एक रस्ता हवाच होता. त्याची सुरुवात म्हणून स्कोशिया स्क्वेअरच्या पायथ्याशी कॉग्सवेल इंटरचेंज हे उड्डाणरस्त्यांचे काँक्रीटचे जंजाळ 1969-70 मध्ये बांधून पुरे झाले. पुढचा टप्पा किनाऱ्यावरच्या दगडी वखारींवरून जाणार होता. एकोणिसाव्या शतकातल्या या वखारी. शत्रूची जहाजे लुटून आणलेला माल जिथे साठवला जाई ती प्रायव्हेटियर्स वेअरहाउसही त्यांत होती.

आणि इथे गाव जागे झाले. नोव्हा स्कोशिया हेरिटेज ट्रस्ट ही संस्था 1959 पासून होतीच. इतिहासाचे अभ्यासक, वास्तुविशारद, विद्यापीठातली मंडळी, शहराच्या दक्षिण भागातल्या जुन्या घराण्यांतले लोक एकत्र आले. 1970 च्या फेब्रुवारीत ‘एन्काउंटर’ या नावाने एक विलक्षण प्रयोग झाला. बाहेरगावचे बारा जाणकार आठवडाभर शहरात राहिले. दिवसा ते कारखाने, शाळा, कचेऱ्या पाहत आणि रात्री जाहीर सभेत लोक त्यांच्यासमोर बोलत. या सभा दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात कधी माईक धरला नव्हता असे लोक उठून शहराच्या कारभाऱ्यांना जाब विचारत होते, आणि त्यांत कृष्णवर्णीयही होते. त्याच वर्षी जानेवारीत आफ्रिकव्हिलचा शेवटचा माणूस गेला होता. म्हणजे लोकांना बोलण्याची जागा मिळाली ती एक महिना उशिरा.

रस्ता पुढे गेला नाही. वखारी वाचल्या. जॉन फिस्क या उद्योजकाने त्या दुरुस्त करून त्यांत दुकाने आणि उपाहारगृहे आणली. हिस्टॉरिक प्रॉपर्टीज या नावाने हा भाग आज पर्यटकांचा लाडका आहे. पाठोपाठ 1974 मध्ये, किल्ल्याच्या टेकडीवरून बंदर दिसत राहिले पाहिजे, त्या दृष्टिरेषेत उंच इमारत येता कामा नये, असे नियम पालिकेने केले. एका टेकडीवरच्या दृश्याला कायद्याचे संरक्षण मिळाले हे चांगलेच झाले. मी स्वतः तिथल्या बाकावर बसून ते दृश्य पाहिले आहे, आणि दुपारच्या बाराची तोफही दचकून ऐकली आहे. पण आफ्रिकव्हिलच्या उतारावरूनही खाडी दिसत असे. तिथून उठवलेली माणसे आपल्या आठवणीत सर्वांत आधी त्या पाण्याबद्दलच बोलतात.

दोन प्रकरणे शेजारी ठेवली की अहवाल किती शास्त्रशुद्ध होता, नगरसेवक किती प्रामाणिक होते, हे प्रश्न मागे पडतात. दोन्हीकडे अहवाल होता, दोन्हीकडे तेच सभागृह होते. हॅलिफॅक्सच्या पालिकेत पक्ष नसतात, प्रत्येक जण स्वतःच्या नावावर निवडून येतो. त्यामुळे पक्षादेशाची सबबही तिथे चालत नाही. वखारींच्या बाजूने बोलणारे लोक नगरसेवकांच्या ओळखीचे होते, त्यांच्या चर्चमधले होते, त्यांची पत्रे वर्तमानपत्रांत छापली जात होती. आफ्रिकव्हिलच्या बाजूने बोलणारे फक्त आफ्रिकव्हिलचे होते. माझ्या मते फरक पडला तो इतक्यानेच. वारसा चळवळीतल्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांनी आपले शहर वाचवले. आफ्रिकव्हिल मात्र त्या शहरात धरले गेले नव्हते.

पुढचा भाग थोडक्यात. 1996 च्या 1 एप्रिलला प्रांताच्या सरकारने हॅलिफॅक्स, पलीकडचे डार्टमथ, बेडफर्ड गाव आणि भोवतालचा सगळा परगणा एकत्र करून एकच पालिका केली. लोकांचे मत घेतले नाही. घेण्याची सक्ती नव्हतीच, कारण कॅनडाच्या 1867 च्या संविधानाप्रमाणे पालिका ही प्रांताच्या अखत्यारीतली बाब आहे. प्रांत ती घडवू शकतो आणि मोडूही शकतो. बेळगावच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. 2005 मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव करणाऱ्या आपल्या महापालिकेची बरखास्ती त्याने पाहिली आहे. निवडून दिलेले सभागृह वरच्याच्या एका आदेशाने नाहीसे होऊ शकते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आफ्रिकव्हिलच्या लोकांनी मात्र विसरायला नकार दिला. 1974 मध्ये क्लेअरमाँट आणि मॅगिल या दोन समाजशास्त्रज्ञांनी सगळ्या स्थलांतराचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि सुधारणा म्हणून जे सांगितले गेले त्याचा हिशेब उघडा पडला. 1983 मध्ये विस्थापितांची संस्था स्थापन झाली. 1985 मध्ये पालिकेने त्या जागेवर उद्यान केले, पण त्याला आफ्रिकव्हिलचे नाव दिले नाही. शेवटी 2010 च्या 24 फेब्रुवारीला महापौर पीटर केली यांनी पालिकेतर्फे जाहीर माफी मागितली. चर्चची प्रतिकृती बांधण्यासाठी 30 लाख डॉलर आणि अडीच एकर जमीन देण्यात आली. एकेका कुटुंबाला भरपाई मात्र नाही. त्यामुळे माफीच्या दिवशीही विस्थापितांत दोन तट होते, आणि ज्यांनी ती नाकारली त्यांना मी हट्टी म्हणणार नाही. 2011 मध्ये चर्च पुन्हा उभे राहिले आणि उद्यानाला आफ्रिकव्हिल हे नाव मिळाले.

ज्या कॉग्सवेल इंटरचेंजला पुढे जायला रस्ताच उरला नाही, तेही पन्नास वर्षे तसेच पडून होते. 2021 च्या अखेरीस पालिकेने ते पाडायला घेतले. सुमारे 16 एकर जागा मोकळी करून जुन्या गल्ल्यांची जाळी पुन्हा जुळवण्याची ही योजना, खर्च 12 कोटी डॉलरच्या वर. मी पाहिले तेव्हा काँक्रीट फोडणारी यंत्रे चालू होती आणि लोक कुंपणाशी उभे राहून बघत होते. माझा जावई म्हणाला, ‘बाबा, इथे लहानपणापासून राहिलेल्यांनासुद्धा हा पूल कशासाठी होता ते सांगता येत नाही.’

आफ्रिकव्हिलला मी लेकीबरोबर जुलैच्या शेवटी गेलो. त्या दिवसांत विस्थापितांचा दरवर्षी मेळावा भरतो. राहायची सोय असलेल्या गाड्या आणि तंबू घेऊन कुटुंबे येतात आणि उद्यानातच मुक्काम करतात. वर मॅके पुलाकडे जाणाऱ्या मोटारींचा आवाज अखंड चालू होता. हा पूल 1970 मध्ये झाला आणि त्याचा रस्ता याच बाजूने येतो. गवतावर कुठेही पाया किंवा भिंत दिसत नाही. तरी एक पांढऱ्या केसांची बाई गाडी मागे घेणाऱ्या मुलाला हाताने खुणा करत होती. आणखी मागे, आणखी थोडी डावीकडे. आजूबाजूला वाटेल तेवढी जागा मोकळी होती. मुलाने दोनदा गाडी पुढे घेतली, दोनदा मागे, आणि तिच्या मनासारखी उभी झाली तेव्हा तिने खुर्ची उघडून पाण्याकडे तोंड करून मांडली.